वानोळ्यानं भरलेली नाव

माझ्या सासरच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या पाणी अडवलं. पाळी, म्हणजे मातीचे बांध, घातल्या, तलाव बांधले, त्या पाण्यावर धान पिकवलं. पण त्या पाण्यावर जाऊन बसायची हौस त्यांच्यात कुणाला नव्हती. ती माझ्या सासऱ्यांना झाली, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, आणि तिची शिक्षा भोगली माझ्या सासूनं.

सासू म्हणजे शामकलाबाई कापगते. आमच्याकडे सुना सासूला आत्याबाई म्हणतात आणि सासऱ्यांना मामाजी. मी रुची, गोंदिया शहरात वाढलेली, आता अर्जुनीजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका. आत्याबाईंबद्दल काही लिहायचं तर आधी त्यांच्या भीतीबद्दल लिहावं लागतं, कारण घरात सगळ्यात जुनी तीच आहे. त्या तलावावर धुणं न्यायच्या, पण पाण्यात पाऊल घालायच्या नाहीत. बादलीनं पाणी वर आणून धुवायच्या. बस वैनगंगेच्या पुलावर आली की समोरच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी धरून डोळे मिटायच्या आणि पूल संपला का म्हणून मला विचारायच्या. एकदा मी गमतीनं, पूल मागे पडून दोन किलोमीटर झाले तरी, "अजून आहे" म्हणत राहिले. त्यांनी डोळे तसेच मिटून ठेवले. त्या गमतीची मला आजही लाज वाटते.

मामाजी, म्हणजे केशोराव, धरणाच्या कालव्यावर तीस वर्षं पाटकरी होते. कुणाच्या शेताला किती पाणी सोडायचं ते बघणं हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर माझ्या नवऱ्यानं, हिमांशुनं, त्यांना आपला जुना मोबाईल दिला, आणि त्यावर मामाजींना ती गोरी जोडपी सापडली. नवरा-बायको शिडाच्या नावेत घर करून राहतात, समुद्राच्या काठाकाठानं गावोगाव फिरतात, रोज नव्या बंदरात चहा पितात. मामाजींना त्यातलं एक वाक्य समजत नव्हतं. ते नुसते हात बघायचे, दोरी कशी ओढतात, शीड कसं फिरवतात. दोन वर्षं त्यांनी तेच पाहिलं. मग धरणात मासे धरणाऱ्या उदारामकडून अठरा फुटांची नाव बांधून घेतली, तिच्यात बांबू उभा केला, आणि ज्या निळ्या ताडपत्रीवर आम्ही धान वाळवतो तिचं शीड कापलं. ते शीड शिवून दिलं आत्याबाईंनीच, आपल्या पायमशीनवर. तेव्हा त्यांना वाटलं होतं, म्हातारा काठाजवळच खेळेल.

म्हातारा काठाजवळ खेळणार नव्हता. आमच्या धरणाचं पाणी डोंगरांच्या खोबणींत शिरत शिरत लांबवर पसरलंय आणि त्याच्या काठावर आमचे अर्धे नातेवाईक राहतात. बेत असा होता की काठाकाठानं जायचं, दिवसातून चार-पाच तास, संध्याकाळी नातेवाइकाकडे मुक्काम, आणि तिसऱ्या दिवशी घरी. मोटारसायकलवर हे सगळं अर्ध्या दिवसात उरकेल, असं मी म्हटलं. मामाजी म्हणाले, "तुले नाही समजत, रुची." हिमांशु नागपूरहून फोनवर म्हणाला, "जाऊ दे ना बाबूले, काय होते." मुलगे असेच असतात, त्यांना कायम काही होत नसतं. मी दोन लाइफ जॅकेट मागवली. ती आली, पण ही दोघं निघून गेल्यावर दोन दिवसांनी, डिलिव्हरीवाल्याला गाव सापडत नव्हतं म्हणून.

हो, दोघं. आत्याबाईसुद्धा गेल्या.

"तुम्ही कशाला जाता?" मी त्यांना विचारलं.

"ते एकटे गेले तं मी इथं बसून काय करू?" त्या म्हणाल्या. "येऊन राहिले का बुडून राहिले, हेच पाहत बसू का दिवसभर? त्याच्यापेक्षा संगं बरं. जे होईल ते डोळ्यासमोर होईल."

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी सकाळी ती नाव निघाली. अर्धं गाव पाळीवर हसायला जमलं होतं. आत्याबाई नावेच्या मधोमध, तळाशी, पोत्यावर बसल्या होत्या, दोन्ही बाजूंच्या फळ्या हातांनी घट्ट धरून. आमच्याकडे वळून त्यांनी हातही हलवला नाही, कारण हात हलवायचा तर फळी सोडावी लागली असती.

पहिले दोन दिवस चांगले गेले म्हणे. वारा मंद होता, मामाजींना शीड जमत होतं, बगळे उडत होते. मामाजी हे सगळं रंगवून सांगतात. आत्याबाईंना त्यातलं काही आठवत नाही. त्यांना आठवतं ते नावेच्या तळाशी फळ्यांच्या सांध्यातून पाझरणारं पाणी आणि ते आपण सारखं गंजानं, म्हणजे पातेल्यानं, उपसत होतो हे. "ते बगळे दाखवत, मी तं आपली खाली पाहो," असं त्या म्हणतात.

खरी चूक या दोन दिवसांतच झाली, आणि ती आमच्याच माणसांकडून होऊ शकते. आमच्या भागात पाहुण्याला रिकाम्या हातानं कुणी परत पाठवत नाही. जाताना वानोळा द्यायचाच, शेतात जे पिकलं असेल ते, आणि पाहुण्यानं तो नाकारायचा नाही. मोटारसायकलवर आलेल्या पाहुण्याला पायली-दोन पायली देतात, कारण त्याला नेणं जमत नाही हे दिसतं. नावेतून आलेल्या पाहुण्याला काय जमत नाही? नाव तर केवढी मोठी! पहिल्या मुक्कामी मामाजींच्या बहिणीनं चिन्नोर तांदळाची एक आख्खी चुंगडी, भरलेलं पोतंच, आणि लाखोरीची डाळ दिली. दुसऱ्या मुक्कामी आत्याबाईंची थोरली बहीण धुरपताबाई, ती तर अशी गोष्ट हातातून जाऊ देणारी नव्हे. तिनं तांदळाच्या दोन चुंगड्या, पोह्यांचं पोतं, जवस, सहा कोहळे आणि एक कोंबडा काढला. कोंबडा तेवढा आत्याबाईंनी परत केला. जिवंत जीव आहे, पाण्यावर भिईल, म्हणाल्या.

शनिवारी सकाळी नाव पाण्यात ढकलली तेव्हा आत्याबाईंनी पाहिलं. निघाल्या त्या दिवशी नावेचा काठ पाण्यापासून हातभर वर होता. आता तो चार बोटं उरला होता.

"अवो, काठ पान्याले लागून राहिला," त्या म्हणाल्या.

"हवा कुठं हाय? दोन तासांत घरी पोचतो," मामाजी म्हणाले.

"थोडं ठेवून जाऊ ना. मंग नेऊ."

"वानोळा कोनी ठेवून जाते का? तुह्या बहिनीले काय वाटंल?"

बहीण काठावरच उभी होती. आत्याबाईंनी विषय सोडला. पाण्याचं भय होतंच, पण पुढच्या लग्नात धुरपताबाई चार बायकांत काय बोलेल याचंही होतं. माणूस अशाच गोष्टींसाठी जीव पणाला लावतो आणि नंतर त्याला नशीब म्हणतो. वर धुरपताबाईनं जेवल्याशिवाय सोडलं नाही, त्यात साडेअकरा वाजले.

इकडे माझी शनिवारची सकाळची शाळा सुटली, आणि अवकाळी पाऊस-गारपिटीचा इशारा मोबाईलवर आला. मी मामाजींना एकामागून एक फोन लावले. रिंग जात होती, उचलत कुणी नव्हतं. कसं उचलणार? पाणी लागू नये म्हणून मामाजींनी मोबाईल पिशवीत गुंडाळला होता आणि ती पिशवी तांदळाच्या चुंगडीत खोल खुपसून ठेवली होती.

मी पाळीवर पोचले तेव्हा पश्चिमेकडचा डोंगर दिसेनासा झाला होता.

ते दोघं त्या वेळी सगळ्यात रुंद पाण्यावर होते. तिथं काठाला धरून जाता येत नाही. धरण भरलं तेव्हा बुडालेल्या रानातल्या झाडांची ठुंठं तिथं पाण्याखाली अजून उभी आहेत, नाव फाडून टाकतात. म्हणून मामाजींनी काठ सोडला होता. आधी वारा एकदम पडला. शीड लोंबकळलं. आत्याबाई म्हणतात, ते शांत होणं त्यांना सगळ्यात वाईट वाटलं. मग पाण्यावरून एक काळी रेघ त्यांच्याकडे येताना दिसली, आणि ती पोचली तेव्हा मामाजींना बसल्या जागी शीड सोडायलाही वेळ मिळाला नाही. नाव एका अंगावर कलली. पाणी काठावरून आत आलं, ओतल्यासारखं. आत्याबाई ओरडल्यासुद्धा नाहीत. त्यांचा आवाजच निघेना.

मामाजींनी कसंबसं शीड खाली पाडलं, नाव सरळ झाली, पण आत पोटरीभर पाणी. लाटा चार बोटांच्या काठाला जुमानत नव्हत्या. दर दुसरी लाट आत येत होती. मग गारा सुरू झाल्या. आत्याबाईंनी डोक्यावर एक हात धरला आणि दुसऱ्या हातानं गंजानं पाणी उपसू लागल्या. उपसलं तेवढंच परत येत होतं.

"फेका!" अखेर त्यांना आवाज फुटला. "वानोळा फेका!"

मामाजी चुंगडीला हात लावून थांबले. ज्या घरात जमिनीवर सांडलेला एक दाणा उचलून कपाळाला लावतात, त्या घरातला माणूस तो. तीस वर्षं त्याच दाण्यासाठी पाणी सोडत आला होता. त्याच्या हातून चुंगडी उचलवेना. तेव्हा आत्याबाईंनी विळा घेतला. भाजी-दोरी कापायला म्हणून तो नावेत होता. चुंगडीच्या तोंडाची सुतळी कापली, एक मूठ कपाळाला लावली, आणि चुंगडी काठावर आडवी केली. पांढरा तांदूळ काळ्या पाण्यात गेला. मग मामाजी रडत रडत दुसरी ओतू लागले. पोहे गेले, डाळ गेली, जवस गेलं, कोहळे गेले. मोबाईलही गेला, तो कुठल्या चुंगडीत होता हे कुणाला आठवलं नाही. बराच तांदूळ आतही सांडला. त्यांचे पाय पाणी आणि तांदळाच्या राड्यात रुतत होते.

तरी लाटा आत येत होत्या. मामाजींनी नावेभर नजर फिरवली.

"आता मीच उरलो फेकाचा," ते म्हणाले.

मामाजी पट्टीचे पोहणारे. वजन ऐंशी किलो. त्यांनी दोरी कमरेला बांधली, तिचं दुसरं टोक मागच्या फळीला बांधलं, आणि आत्याबाई "नाही, नाही" म्हणत असतानाच पाण्यात उतरले. नाव उचलली गेली. आणि ज्या बाईनं आयुष्यात कधी पावलावर पाणी येऊ दिलं नव्हतं, ती त्या धरणाच्या मधोमध नावेत एकटी उरली.

इथून पुढचं मामाजी सांगतात ते असं. वारा नावेला ढकलत होता, ते मागून दोरीला लटकले होते, गार पाण्यानं हातपाय आखडले होते. आत्याबाई तासभर न थांबता पाणी उपसत होत्या. "येवढ्या लाटा! येका लाटेनं हिच्या हातातला विळा नेला, पन हिनं गंज नाही सोडला!" असं ते सांगतात, आणि ऐकणारे आत्याबाईंकडे बघतात. शेवटी नाव आमच्या पाळीजवळच्या बाभळींच्या उथळ पाण्यात घुसली. उदाराम आणि आणखी दोघं छातीभर पाण्यात धावले. मीही धावले, गुडघ्यापर्यंत. मामाजींचे ओठ निळे पडले होते. आत्याबाईंच्या हातातला गंज आम्हाला सोडवावा लागला, त्यांची बोटं उघडत नव्हती. दोरी सोडताना उदारामला तिचा एक पेड तुटलेला दिसला. "हे कायनं तुटलं?" त्यानं विचारलं. थंडीनं दात वाजत असताना मामाजी म्हणाले, "ठुंठाले घासली असंल."

गावानं आत्याबाईंना डोक्यावर घेतलं. ग्रामपंचायतीनं शाल-नारळ दिला. सौंदडच्या बाजारात बायका त्यांना बोट दाखवून "तीच ती" म्हणू लागल्या. आत्याबाई खाली मान घालून भाजी घ्यायच्या. मला वाटलं, लाजतात.

मे महिन्यात उन्हाळी धान कापायला आलं. आत्याबाई दरवर्षी कापणीला पहिल्या. यंदा त्यांनी विळ्याला हात लावला नाही. पेंढ्या बांधते, म्हणाल्या. मी बाजारातून नवा विळा आणला आणि स्वयंपाकघरात त्यांच्यापुढे ठेवला. चिडवलं, "धरणात गेला त्याच्या बदल्यात घ्या, आता हिंमतवाल्या बाईनं विळ्याला भिऊ नये."

त्या भिंतीकडे सरकल्या. मी इतकी दचकले की विळा उचलून परातीखाली झाकला.

"तो लाटेनं नाही नेला, रुची," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं, हळू आवाजात, दाराकडे बघत बघत.

"हे पान्यात उतरले तं आधी नाव वर आली. मंग दोरीचे झटके बसू लागले. दर झटक्याले मागची बाजू खाली जाये न पानी आत येये. मी येक गंज फेको, दोन गंज येये. विळा हातातच होता. मी दोरीकडं पाह्यलं. मनात आलं, हे पोहनारे हायेत, हे निघतीन. मंग मनात आलं, नाही निघाले तरी मी तं वाचतो."

त्यांनी पुन्हा दाराकडे पाहिलं.

"मी विळा दोरीवर ठेवला. ओढला बी. येक पेड तुटला, टण्णकन. तवा माह्या हाताचंच भेव लागलं मले. पान्याचं गेलं सगळं. हा हात पुन्हा ओढंल, आता ओढंल, असं वाटून राहिलं होतं. म्हून फेकून देल्ला विळा. दूर फेकला, पुन्हा घेता नाही आला पायजे."

"मामाजींना माहीत आहे?"

"त्याइचं तोंड माह्याकडंच होतं," त्या म्हणाल्या. "येक शब्द नाही बोलले. 'कापू नको' बी नाही म्हटलं. पाहत राहिले फक्त. विळा फेकला तवा डोळे मिटले."

इतक्या दिवसांत त्या दोघांत याबद्दल एक शब्दही झाला नव्हता. मामाजी रोज आपल्या बशीतला चहा त्यांना देत होते, औषधाची आठवण करून देत होते. आणि येईल त्याला लाटेची गोष्ट सांगत होते.

"ते तुमच्यासाठीच तसं सांगतात," मी म्हटलं. "मग आता भ्यायचं कशाला?"

"हे दरवेळी सांगतेत, लाटेनं नेला. कोनी इचारलं नाही तरी सांगतेत," आत्याबाई म्हणाल्या. "मी इथं चहा ठेवतो न कान तिकडंच. हे म्हातारे झाले, रुची. गोळ्या घेतल्या का नाही ते बी ध्यानात नाही राहत त्याइच्या. येखाद्या दिवशी भुलून खरं सांगलं तं?"

बाहेर ओसरीवर आमगावचे टेकचंदभाऊ आले होते, मामाजींचे जुने सोबती. पाण्याचा तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला आणि मामाजी सुरू झाले. वारा, गारा, चिन्नोरची चुंगडी. आत्याबाईंनी माझं मनगट धरलं. मामाजी पाण्यात उतरल्यापर्यंत आले, दोरी कमरेला बांधली म्हणाले. "न ही नावेत येकटी, हातात विळा..."

ते थांबले. त्यांना खोकला आला, किंवा पुढचं आठवेना, आतून कळत नव्हतं. आत्याबाईंची नखं माझ्या मनगटात रुतली. टेकचंदभाऊ म्हणाले, "मंग?"

"मंग काय," मामाजी म्हणाले, "अशी येक लाट आली, टेकचंदभाऊ, का बस!"

आत्याबाईंनी माझा हात सोडला आणि चहात साखर घातली.